आईचं सोडियम

माझं काम रक्त तपासण्याचं. साकीनाक्याजवळच्या एका लॅबमध्ये मी सव्वीस वर्षं आहे. सकाळी नमुने येतात, त्यांतलं वरचं पिवळसर पाणी वेगळं करायचं, मशीनला लावायचं, आकडे येतील ते बघायचे. सोडियम, पोटॅशियम, साखर, क्रिएटिनिन. सोडियम म्हणजे रक्तातलं मीठ. ते एकशे पस्तीस ते एकशे पंचेचाळीसच्या मध्ये असतं. कुणी लग्नाचं जेवून आलेलं असो, कुणी उपासाचं, कुणी उन्हात दिवसभर फिरून आलेलं, कुणी एसीत बसलेलं, बहुतेकांचा आकडा तेवढ्यातच येतो. सुरुवातीला मला याचं फार नवल वाटायचं. माणूस दिवसभर वाटेल ते खातो-पितो आणि आत कुणीतरी गपचूप सगळं जागच्या जागी ठेवत असतं. मीठ जास्त झालं की तहान लागते, पाणी जास्त झालं की मूत्रपिंडं ते बाहेर काढतात. पुढे नवल संपलं. रोज दीडशे-दोनशे नमुने बघितल्यावर कशाचं नवल उरत नाही.

घरी मी आणि आई, दोघीच. घाटकोपरला जुन्या बिल्डिंगमध्ये दुसरा मजला, लिफ्ट नाही. बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी वॉचमनची नोकरी केली, आणि त्यांना जाऊन आता अठरा वर्षं झाली. धाकटा भाऊ बोरिवलीला असतो, तिकडच्या एका मोठ्या सोसायटीचा मॅनेजर आहे. मी लग्न केलं नाही, त्यामुळे आई माझ्याकडे, हे कुणी ठरवलं नव्हतं, पण ठरलेलंच होतं.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. मुंबईत पंचावन्न वर्षं काढून तिची मालवणी तशीच राहिली. प्रेशरचा त्रास जुना. गेल्या मार्चमध्ये तिच्या पायांना सूज यायला लागली, म्हणून नाक्यावरच्या डॉक्टरांनी एक नवी गोळी चालू केली, लघवीवाटे पाणी आणि मीठ काढणारी. चिठ्ठीवर खाली त्यांनी लिहिलं, ‘पंधरा दिवसांनी सोडियम, पोटॅशियम.’ आणि हसून मला म्हणाले, "तुम्हाला काय सांगायचं, तुमच्या घरचंच काम."

घरचं काम म्हणूनच ते राहिलं. पंधरा दिवसांनी लॅबमध्ये दोन मुली सुट्टीवर होत्या. त्यानंतरच्या आठवड्यात मलाच ताप होता. मग मी ठरवलं, रविवारी काढू. रविवारी मी झोपले. सकाळी साडेसहाला बाहेर पडायचं, संध्याकाळी भाजी घेऊन दोन मजले चढायचे, आईचं जेवण, तिच्या गोळ्या, कपडे, परत सकाळ. रविवारी दुपारी मला माझी बोटंसुद्धा हलवावीशी वाटायची नाहीत. एक सुई टोचायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं मला दोन महिने मिळाली नाहीत.

त्याऐवजी मी दुसरंच केलं. प्रेशर आहे म्हणून घरातलं मीठ कमी केलं. लोणचं बंद, पापड बंद, सुकट आणि सुका बांगडा तर डब्यासकट समोरच्या ताईंना देऊन टाकला. आई सकाळी पेज खायची, तीही अळणी. "तोंडाक चव नाय," असं ती म्हणायची आणि अर्धी पेज तशीच ठेवायची. मे महिना आला, उकाड्याने जीव नकोसा झाला, तेव्हा मी तिच्या खाटेजवळ एक-एक लिटरच्या तीन बाटल्या भरून ठेवायला लागले. मी येईपर्यंत संपल्या पाहिजेत, असं बजावून जायचे. उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसांना पाणी कमी पडतं, हे मी कितीतरी पेशंटच्या नातेवाइकांना सांगितलं होतं. आई बिचारी आज्ञाधारक. संध्याकाळी मी चपला काढत असतानाच ती रिकाम्या बाटल्या दाखवायची. "बघ, सगळा संपवलंय."

मेच्या दुसऱ्या आठवड्यात ती डोकं जड झालंय म्हणायला लागली. एकदा उलटी झाली. मी म्हटलं, उकाडा आहे, आणखी पाणी पी. मग चालताना ती भिंतीला धरायला लागली. मग एके दिवशी मी घरी आले तर ओट्यावर बाबांचा जुना डबा भरून ठेवलेला. भात, डाळ, वर झाकण नीट लावलेलं.

"हे काय आई?"

"तुझे बाबा जेवाक येतले."

मी दमलेली होते. दिवसभर एका मशीनने त्रास दिला होता, जिन्यात दोनदा थांबून वर आले होते. मी ओरडले. "आई, बाबा नाहीत आता. अठरा वर्षं झाली. किती वेळा सांगू?"

खरं तर त्याआधी एकदाही सांगावं लागलं नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं, अगदी शांतपणे, आणि म्हणाली, "माका ठावक हा." मग डबा उघडून भात परत पातेल्यात काढायला लागली. अर्धा भात ओट्यावर सांडला. तो मी पुसला. त्या वेळी माझ्या मनात एवढंच आलं की झालं, आता हे सुरू झालं. आता पुढची दहा वर्षं हेच.

भावाला फोन केला. तो म्हणाला, "वय झालं गं. आमच्या सोसायटीत दोन-तीन जणांचं तसंच आहे. डोक्याच्या डॉक्टरला दाखवू." पुढच्या शनिवारची वेळ घेतो म्हणाला.

समोरच्या दारातल्या ताईंना मात्र ते पटलं नाही. त्या मूळच्या अकोल्याकडच्या, महापालिकेच्या हॉस्पिटलमध्ये तीस वर्षं वॉर्डात आया म्हणून काम करून निवृत्त झालेल्या. मी कामावर असताना आईकडे दोनदा डोकावून जायच्या. त्या संध्याकाळी त्यांनी मला दारातच धरलं.

"तुझी आई महिन्याभरापूर्वी माझ्याशी पत्ते खेळत होती. हरली की भांडत होती. म्हातारपणाची भूल अशी आठवड्यात येते का?"

"कधी कधी लवकर वाढते ताई."

"मी वॉर्डात खूप बघितलंय बाई. हिच्यात काहीतरी कमी-जास्त झालंय. तू रक्त तपासतेस ना? मग आईचं तपास की."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याआधी मी आईचं रक्त काढलं. तिने हात पुढे केला, तोंड फिरवलं नाही, काही विचारलं नाही. एरवी ती सुईला फार घाबरते. नमुना पिशवीत ठेवला, तिन्ही बाटल्या भरल्या, चावी ताईंकडे दिली आणि मेट्रोने निघाले.

नमुन्यावर मी नाव लिहिलं नव्हतं, फक्त ‘घर’ असं लिहिलं होतं. बाकीच्यांबरोबर तो मशीनला लावला. साडेनऊच्या सुमारास आकडा आला. सोडियम एकशे तेरा.

असा आकडा आला की पहिली शंका मशीनवर घ्यायची, हे आम्ही नव्या मुलींना शिकवतो. सकाळचे कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेले नमुने, तपासले, बरोबर होते. नमुना परत लावला. एकशे तेरा. सलाईन लावलेल्या हातातून रक्त काढलं की पातळ होऊन आकडा पडतो, पण आईला कुठलं सलाईन? शेजारच्या टेबलावरच्या मुलीला म्हटलं, दुसऱ्या मशीनवर लाव. ती लावून आली आणि म्हणाली, "मॅडम, एकशे बारा. क्रिटिकल आहे. डॉक्टरांना कळवू? पेशंट कोण आहे?"

असे फोन मी शेकड्याने केलेत. आकडा सांगायचा, समोरच्याकडून परत म्हणवून घ्यायचा, वेळ लिहायची. माझा आवाज त्यात कधी हलला नाही. त्या दिवशी त्या मुलीने परत विचारलं, पेशंट कोण, आणि मला सांगता येईना. नाक्यावरच्या डॉक्टरांची ती चिठ्ठी मला डोळ्यांसमोर दिसत होती.

मी ताईंना फोन लावला. "ताई, आईला पाणी देऊ नका."

"आत्ताच दिलं गं अर्धी बाटली. तूच भरून ठेवलीस ना."

मी रिक्षा केली. असल्फ्याच्या पुढे गाड्या हलत नव्हत्या. रिक्षात बसल्या बसल्या मी भावाला सांगितलं, जवळच्या हॉस्पिटलात फोन करून बेड विचारला, आणि मग ताईंचाच फोन आला. आईला झटका आला होता. हातपाय ताठ झाले, तोंडातून फेस आला. ताईंनी तिला कुशीवर वळवलं होतं, तोंडात काही घातलं नव्हतं, किती वेळ चाललं ते घड्याळात बघून ठेवलं होतं. "थांबलंय आता. श्वास आहे. तू घाबरू नकोस, मी आहे." मी पोचले तेव्हा बिल्डिंगमधल्या दोघांनी आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, ओढणीने बांधून, खाली आणलं होतं. तिची मान एका बाजूला पडली होती. डोळे अर्धे उघडे होते, पण त्यांत ती नव्हती.

आयसीयूमधली डॉक्टर तरुण होती, तिशीची असेल. मी लॅबमध्ये असते हे कळल्यावर तिने मला बाजूला घेतलं आणि नीट समजावलं. गोळीने मीठ बाहेर काढलं, जेवणातून मीठ आत गेलं नाही, वर रोज तीन लिटर पाणी. या वयात मूत्रपिंडं एवढं पाणी बाहेर टाकू शकत नाहीत, त्यात ही गोळी त्यांना ते टाकू देत नाही. रक्त पातळ झालं, ते पाणी मेंदूच्या पेशींत शिरलं.

"मग भराभर मीठ चढवा ना," भाऊ म्हणाला. तो बोरिवलीहून घामाघूम होऊन आला होता. "वाट कसली बघताय?"

"तेच करायचं नाहीये," ती म्हणाली. "हे आठवड्यांत हळूहळू उतरलंय. तेवढ्या वेळात मेंदूच्या पेशींनी स्वतःतले क्षार बाहेर टाकून कसंबसं जुळवून घेतलंय. म्हणून तर त्या एवढे दिवस चालत-बोलत होत्या. आता आपण एकदम वर नेलं तर पेशींतलं पाणी ओढलं जाईल आणि कायमची इजा होईल. झटका परत येऊ नये एवढं थोडं वाढवू. मग आकडा दिवसाला आठने. त्याच्यावर नाही."

ती आत गेल्यावर भाऊ खुर्चीत बसला. बराच वेळ त्याने मोबाइल उलटसुलट केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू लॅबवाली ना? तुला घरात कळलं नाही?"

नंतरचे तीन दिवस आम्ही एकमेकांशी फक्त चहा, औषधं आणि कुणी कधी बसायचं एवढंच बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा एकशे एकवीस झाला. आई जागी झाली. तिने मला ओळखलं, आणि पहिलं वाक्य बोलली, "वायच पाणी दी गो."

पाणी बंद होतं. ती हाताच्या नळ्या ओढत होती म्हणून डॉक्टरांनी मला जवळ बसू दिलं होतं. मी ओल्या कापसाने तिचे ओठ पुसले. तिने तो कापूस दातांत धरून चोखला. मी तो ओढून काढला. दर दोन-चार मिनिटांनी ती मागायची. आधी हळू, मग रडवेली, मग रागाने, आईपणाचा हक्क दाखवत. "आवशीक असा तरसवतंस? काय केलंय मी तुझा?" शेजारच्या बेडवरच्या माणसाची बायको माझ्याकडे बघायला लागली. परवापर्यंत याच बाईला मी बजावून बजावून बाटल्या संपवायला लावत होते. आता ती हात जोडत होती, खरोखर दोन्ही हात जोडत होती, आणि मी नाही म्हणत होते. मला रडूही आलं नाही. मला फक्त खाली फरशीवर आडवं व्हावंसं वाटत होतं.

भाऊ दुपारी आत आला, पाच मिनिटं थांबला आणि बाहेर गेला. "माझ्याच्याने हे बघवत नाही," म्हणाला. तो जाताना त्याचे डोळे लाल होते. माझ्याच्याने बघवतं का, हे कुणी विचारलं नव्हतं.

अडीच वाजता रक्त घेतलं. साडेतीनला डॉक्टर घाईघाईने आली. "लघवी किती झाली बघितलंत? दोन-सव्वादोन लिटर सकाळपासून. गोळीचा असर उतरलाय, मूत्रपिंडं आता नुसतं पाणी सोडतायत. सोडियम एकशे सव्वीसवर गेलंय. फार भरभर चाललंय." मग ती माझ्याकडे वळली. "पाणी द्या त्यांना."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "पाणी?"

"हो, द्या. ग्लासभर. मग आणखी एक. आणि मी सलाईनही बदलते. थोडं खाली आणायचंय."

नर्सने ग्लास भरून दिला. मी आईची मान हातावर घेतली आणि ग्लास तिच्या तोंडाला लावला. ती एका दमात प्यायली, हनुवटीवरून, गळ्यावरून पाणी सांडलं. ग्लास संपल्यावर तिने डोळे मिटले. "बरा वाटला," म्हणाली. दुसरा ग्लास तिने अर्धाच घेतला. बस झालं म्हणाली, तेव्हा मीच आग्रह करायला लागले, आणि करता करता थांबले. किती पाजायचं, किती नाही, यातलं मला आता काहीच खात्रीने कळत नव्हतं. जे तिचं शरीर आयुष्यभर आपलं आपण करत होतं, ते आम्ही चार शिकलेली माणसं, दोन मशीनं आणि दर चार तासांनी एक सुई एवढं करूनही धड जमवू शकत नव्हतो. संध्याकाळी एकशे तेवीस आलं, तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा खुर्चीवर बसली. तीसुद्धा सकाळपासून जेवलेली नव्हती.

पुढचे दिवस हळूहळू गेले. वॉर्डात आणल्यावर दिवसाला एक लिटर पाणी ठरवून दिलं. जेवणात मीठ सुरू झालं. नवव्या दिवशी आकडा एकशे चौतीस आला आणि आई घरी आली, त्याच प्लास्टिकच्या खुर्चीतून, या वेळी जिन्यात वरच्या दिशेने, आणि उचलणाऱ्यांना "सांभाळून रे, माका पाडशात," असं बजावत. ताईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. सुक्या बांगड्याचा डबाही परत आणून ठेवला होता. त्यांनी तो उघडलाच नव्हता. "मला वाटलंच होतं, हे काही फार दिवस चालणार नाही," असं म्हणाल्या.

मी नाक्यावरच्या डॉक्टरांकडे गेले. माझी चूक मला सांगायची होती. त्यांनी चिठ्ठी बघितली, हॉस्पिटलचे कागद बघितले. "मीही विचारायला हवं होतं, रिपोर्ट का आला नाही म्हणून," ते म्हणाले. ती गोळी बंद झाली, दुसरी आली. बाहेर पेशंट थांबले होते, म्हणून मी उठले.

आईला झटका आठवत नाही. डबा भरल्याचं आठवत नाही, आयसीयूतली डॉक्टर आठवत नाही. आठवतं ते एवढंच की तिने पाणी मागितलं आणि मी दिलं नाही. भेटायला कुणीही आलं की ती सांगते, "माझ्या चेडवान माका पाणी दिल्यान नाय." चेडू म्हणजे मुलगी. सुरुवातीला मी प्रत्येकाला समजावत बसायचे, पाणी का बंद होतं, मीठ किती होतं, मेंदूचं काय झालं असतं. माणसं मान डोलवायची आणि आईच्या हातावर हात ठेवायची. मी दोन ग्लास पाजले, हेही मी एकदा तिला सांगितलं. "ता माका आठवणा नाय," ती म्हणाली. त्यानंतर मी समजावणं सोडून दिलं. ती सांगते, मी आत जाऊन चहा ठेवते.

भावाशी मात्र एक दिवस बोलणं झालं. तो आईला बघायला आला होता, परत निघताना जिन्यात थांबला. "त्या दिवशी मी बोललो ते बोलायला नको होतं," म्हणाला.

"खरंच होतं ते."

"खरं असेल. पण मी तरी कुठे होतो? महिन्यातून एकदा यायचो, तेही तास-दीड तास." मग त्याने जिन्याच्या कठड्यावर नखाने ओरखडा काढला, लहानपणी काढायचा तसाच. "रविवार माझे. सकाळी येईन, संध्याकाळी जाईन. तू बाहेर जा. कुठेही जा."

मला वाटलं, दोन रविवार येईल. पण तो येतो. पावसाळाभर आला, गणपतीत आला, अजून येतो.

पहिल्या रविवारी मला कुठे जायचं तेच कळेना. मैत्रिणी आपापल्या संसारात. खरेदी करायची इच्छा नव्हती. रिक्षावाल्याला पवई म्हणून सांगितलं आणि तलावाच्या काठावर उतरले. बाकावर बसले. चालायला आलेली माणसं समोरून जात होती, कुणाच्या कानात वायर, कुणाच्या हातात कुत्र्याचा पट्टा. मी पर्स मांडीवर घेतली, तिचा पट्टा मनगटाला गुंडाळला आणि बसल्या बसल्या मला झोप लागली. मान खाली पडून दुखायला लागली तेव्हा जाग आली. पाऊण तास गेला असेल. त्या पाऊण तासात मी कुणाला काही पाजत नव्हते, कुणाला काही नाकारत नव्हते.

तेवढ्यात भावाचा फोन आला.

"कुठे आहेस? आई जेवत नाही म्हणते. तू आल्याशिवाय नको म्हणते."

"तिला सांग, अर्ध्या तासात येते."

फोन पर्समध्ये टाकला. उठायला हवं होतं. पण मी आणखी एक तास तिथेच बसून राहिले.